काकूंच्या सुनेचं लाल पेन

शेजारच्या काकूंच्या सुनेनं एका बिल्डरचं भलंमोठं काम नाकारलं, ही बातमी मला आधी दूधवाल्याकडून कळली, मग इस्त्रीवाल्याकडून आणि खुद्द काकूंकडून सगळ्यात शेवटी. त्यावरूनच काकूंचं काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं. एरवी त्यांच्याकडे कुकरची शिट्टी बिघडली तरी पहिली वार्ता आमच्या कुंपणाशी येते.

कर्वेनगरात अजून जे चारदोन बंगले टिकून आहेत, त्यातले हे आमचे दोन. मध्ये कमरेएवढी भिंत, तिच्यावर काकूंचा कढीपत्ता वाकलेला. झाड त्यांचं, फांद्या आमच्याकडे आणि गप्पा सामायिक. काकू शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या, त्यामुळे गप्पांतसुद्धा पुरावा मागतात. सून आधी मुंबईत एका मोठ्या जाहिरात कंपनीत होती. ती नोकरी सोडून तिनं काकूंच्या माडीवर स्वतःची मार्केटिंग एजन्सी काढली. तीही साधीसुधी नव्हे, पर्यावरणाला वाहिलेली.

"काकू, त्या बिल्डरची काय भानगड झाली म्हणे?" मी फांदी खाली ओढत विचारलं.

"झालं! फिरलंच का गावभर?" काकूंनी आवाज खाली आणला, म्हणजे समोरच्या गॅलरीत जेमतेम ऐकू जाईल इतका. "अगं, एवढी थोरली गाडी घेऊन आला होता. तो वर बोलत बसला तेवढा वेळ ड्रायव्हरनं इंजिन चालूच ठेवलं, एसी हवा म्हणून. सगळा धूर माझ्या तुळशीवर. आणि वर बोलणं काय चाललेलं? 'निसर्गाच्या कुशीत कार्बन न्यूट्रल घरं!'"

"मग?"

"मग काय, सूनबाईंनी विचारलं, जागेवर झाडं किती होती, किती तोडली, परवानगी दाखवा. कार्बनचा हिशेब कुणी केला, तोही दाखवा. तर म्हणतो कसा, 'मॅडम, तुम्ही लिहून टाका हो, कोण विचारतंय!' हिनं वही मिटली. दारात आलेली लक्ष्मी जिन्यावरून परत पाठवली. चहा पाजला मात्र. तोही माझ्या हातचा."

"पण काकू, मला एक कळत नाही. जाहिरात म्हणजे लोकांना जास्त घ्यायला लावायचं आणि पर्यावरण म्हणजे कमी घ्या म्हणायचं. ही दोन एका छपराखाली नांदणार कशी?"

"मी आणि तुझे काका नांदलोच ना?" काकू म्हणाल्या. "त्यांना पंखा पाचवर लागतो, मला एकवर. तीनवर संसार झाला."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी मुद्द्यावर आले. "मग ती दिवसभर करते तरी काय?"

"खोडते."

"काय?"

"खोडते गं. पेपर तपासायची माझी लाल पेनं घेऊन गेलीय. क्लायंटकडून मजकूर येतो, 'शंभर टक्के नैसर्गिक', 'वसुंधरेचा सखा', 'पूर्णपणे पर्यावरणपूरक'. ही खोडत सुटते. पानावर शेवटी नाव, किंमत आणि पत्ता उरतो. मग क्लायंटला समोर बसवून विचारते, आता यात खरं काय घालता येईल ते सांगा. मी मटार सोलत बसलेली असते, पण कान वरच असतात."

"आणि खोडण्याचे पैसे देतं कोण?"

"जो एकदा पोळलाय तो. नाहीतर जो घाबरलाय तो." काकूंनी टोपली भिंतीवर ठेवली. म्हणजे आता तास सुरू होणार. "पूर्वी कुणी कुणाला विचारत नव्हतं. पुड्यावर हिरवं पान काढलं की झालं. २०२४ च्या फेब्रुवारीपासून जाहिरातवाल्यांच्या स्वतःच्या परिषदेनं, त्या अ‍ॅस्कीनं, अशा दाव्यांसाठी नियम लावले. आणि त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ग्रीनवॉशिंगविरुद्ध, म्हणजे पर्यावरणाच्या फसव्या दाव्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. नुसतं 'हरित' किंवा 'इको-फ्रेंडली' म्हणून भागत नाही आता. दावा कशाबद्दल आहे ते सांगायचं. अख्ख्या वस्तूबद्दल की नुसत्या डब्याबद्दल? बनवण्याच्या पद्धतीबद्दल की टाकून देण्याबद्दल? आणि पुरावा लोकांना सापडेल असा ठेवायचा, क्यूआर कोड नाहीतर वेबसाइटचा पत्ता देऊन."

"पुढे करू म्हटलं तर? 'आम्ही २०४० पर्यंत अमुक होऊ' वगैरे?"

"तेही हवेत चालत नाही. ठोस आराखडा असेल तरच बोलायचं. आणि गंमत म्हणजे हे नियम एकट्या कारखानदाराला नाहीत, जाहिरात एजन्सीलाही लागू आहेत. उद्या कुणी तक्रार केली तर 'क्लायंटनं सांगितलं म्हणून लिहिलं' असं म्हणून हात वर करता यायचे नाहीत. फसव्या जाहिरातीला ग्राहक कायद्यात उत्पादकाला पहिल्या खेपेला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. जाहिरातीत हसणाऱ्या नटनट्यांनाही तेच लागू."

"बापरे! मग बिल्डर बरा गेला."

"तेच तर. पण मी हे तिला सांगणार नाही. सासू आहे मी." काकू हसल्या. "तुला पिशवीची गोष्ट सांगितली का?"

सांगितली होती, पण काकूंची गोष्ट दुसऱ्यांदा ऐकताना जास्त रंगते.

"एक जण पिशव्या घेऊन आला. हिरव्या, मऊ, दिसायला अगदी प्लास्टिकसारख्या. म्हणाला, ही मातीत मिसळून जाते, तसंच लिहा. सूनबाई म्हणाली, आई, तुमच्याकडे खताचा पिंप आहे ना, घाला त्यात. घातली. नारळाच्या शेंड्या, भाजीची देठं, वर ताक, सगळी बडदास्त ठेवली. पावसाळा सरला, पिंप उपसला, तर देठांचं सोनं झालेलं आणि पिशवी जशीच्या तशी! धुऊन परत बाजारात नेण्याजोगी."

"म्हणजे तो खोटं बोलत होता?"

"इथंच तर गोम आहे. त्याच्याकडे सर्टिफिकेट होतं, खरं होतं. आयएस १७०८८ नावाचं मानक आहे, त्याप्रमाणे चाचणी झालेली. पण ती चाचणी ५८ अंशांच्या आसपास तापमान राखून करतात. मोठ्या खत प्रकल्पात तेवढी धग टिकते. माझ्या पिंपात कुठून येणार? माझ्या पिंपात उन्हाळ्यात गांडुळंसुद्धा तळाशी जाऊन बसतात." काकूंच्या आवाजात वर्गातला कडकपणा आला. "म्हणजे दावा खोटा नव्हता, अर्धा होता. तिनं लिहून दिलं, 'औद्योगिक खत प्रकल्पात विघटन होते; घरच्या खतात होत नाही.' तो म्हणाला, अहो, हे वाचून कोण घेईल? ती म्हणाली, हॉटेलं घेतील, ज्यांचा ओला कचरा प्रकल्पात जातो. तुमचं गिऱ्हाईक ते आहे, मंडईतली बाई नव्हे."

"मग घेतल्या हॉटेलांनी?"

"घेतात म्हणे आता. सावकाश, पण घेतात. मार्केटिंग यालाच म्हणायचं ना? योग्य माणसाला योग्य वस्तू. की सगळ्यांच्या गळ्यात सगळं बांधायचं?"

एवढ्यात आमच्या फाटकाशी कचरा गोळा करणाऱ्या ताई आल्या. आमच्याकडे 'स्वच्छ'च्या ताई येतात. १९९३ साली पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यातून पुढे ही सहकारी संस्था निघाली. काकूंनी लगेच त्यांच्याकडे बोट केलं.

"ह्या सूनबाईंच्या सगळ्यात मोठ्या तज्ज्ञ. वेफर्सच्या पाकिटावर लिहिलेलं असतं 'रिसायकलेबल'. हिनं पाकीट ताईंपुढे धरलं, विचारलं, हे विकलं जातं का? ताई म्हणाल्या, ह्याला आतून चांदी असते, भंगारवाला हातात घेत नाही. झालं, शब्द कट! प्रयोगशाळेत पदर सुटे होत असतील, पण गल्लीत कुणी विकत घेत नसेल तर ते पाकीट कचराच. दुधाची पिशवी मात्र ताई घडी करून वेगळी ठेवतात. तिला भाव आहे."

ताईंनी मान डोलावली आणि आमच्या डब्यातलं एक चकचकीत पाकीट माझ्याकडे बघत बाजूला काढलं. मी कढीपत्ता निवडू लागले.

विषय बदलावा म्हणून मी म्हटलं, "आम्ही सोलर बसवायचं म्हणतोय. त्या सोलरवाल्याची जाहिरात तुमच्या सुनेनंच केली होती ना? 'वीजबिल शून्य'?"

"'शून्य' तिनंच खोडलं!" काकूंना स्फुरण चढलं. "तो सोलरवाला मुलगा बरा आहे, मेहनती. पण त्यालाही 'शून्य' फार आवडायचं. सूनबाईंनी काय केलं, आमचंच महावितरणचं बिल त्याच्यापुढे उलगडून ठेवलं. म्हणाली, ही ओळ वाचा, स्थिर आकार. युनिट शून्य झाली तरी हा आकार येणारच. मग शून्य कसं? बिचारा चष्मा पुसायला लागला. आता जाहिरातीत असं आहे: एक किलोवॉटला महिन्याला साधारण शंभर-सव्वाशे युनिट, पावसाळ्यात कमी. आणि अनुदान किती ते आकड्यात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली ना, तिच्यात एक किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,०००, तीन किंवा जास्त असेल तर ७८,००० रुपये. खाली एक ओळ, 'स्थिर आकार भरावा लागेल'. त्या एका ओळीनं त्याचे भांडणाचे फोन बंद झाले. पूर्वी पहिलं बिल आलं की लोक त्याच्या दुकानात येऊन थयथयाट करायचे."

मला पटलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं झालं की वाळ्यावरून भांडण होतंच. आधीच कथील आहे म्हणून सांगितलं तर घेणारा डोळे उघडे ठेवून घेतो.

"गणपतीत मात्र तिची परीक्षाच झाली," काकू म्हणाल्या. "एक मूर्तिकार आला, शाडूवाला. आपला माणूस, कलाकार माणूस. त्याच्या पत्रकावर 'संपूर्ण पर्यावरणपूरक'. माझं मन विरघळलं, म्हटलं याचं तरी राहू दे. ही ऐकेल तर शपथ! म्हणाली, शाडू गुजरातेतून ट्रकनं येते, रंग कुठला वापरलाय, वरचं वार्निश कसलं? त्याला बोलता येईना. मग लिहिलं, 'शाडू माती, पाण्यात मिसळणारे रंग, घरच्या बादलीत विसर्जन करता येते. माती परत द्या, पुढच्या वर्षी वापरू.' शेवटची ओळ त्याच्याच तोंडून काढली हं. तो दरवर्षी माती परत घेतच होता, पण ते सांगण्यासारखं आहे हे त्याच्या गावीही नव्हतं."

"आणि ज्यांनी प्लास्टर ऑफ पॅरिसची आणली असेल त्यांचं काय?"

"त्यांना अमोनियम बायकार्बोनेट!" काकूंमधल्या बाई जाग्या झाल्या. "आपल्या एनसीएलनं, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं, आणि महापालिकेनं मिळून ते दिलं होतं ना लोकांना. प्लास्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यात अमोनियम बायकार्बोनेट पडलं की खाली कॅल्शियम कार्बोनेट बसतं आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उरतं, म्हणजे खत. पातळ करून झाडांना घाला. नदीत ढकलण्यापेक्षा शंभर पटींनी बरं. अरे, मी हे शंभर पटींनी म्हटलं ना, हे पण ती खोडेल."

मग बोलता बोलता गाडी परदेशात गेली. काकूंची गाडी अमेरिकेत गेल्याशिवाय गप्पा पुऱ्या होत नाहीत, तिथे त्यांची लेक असते.

"तुला बीपी माहितीय का?"

"मला आहे ना, गोळी चालू आहे."

"ते नव्हे गं! तेलाची कंपनी. साल २०००. नावातल्या अक्षरांचा अर्थच फिरवला, 'पेट्रोलियमच्या पलीकडे' म्हणून. लोगो हिरवापिवळा, सूर्यफुलासारखा. जाहिरात जगातल्या नामांकित एजन्सीनं केलेली. आणि २००४ मध्ये लोकांसाठी गणकयंत्र काढलं, तुमच्या घराचा कार्बन फूटप्रिंट किती ते मोजा म्हणून. कल्पना मूळची अभ्यासकांची, पण घराघरांत पोचवली ती यांनी. आता बघ हं चलाखी. तेल काढणार हे, विकणार हे आणि गिझर किती वेळ चालू ठेवला याचा हिशेब द्यायचा मी!"

"आणि पुढे?"

"पुढे एप्रिल २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात त्यांची विहीर फुटली. डीपवॉटर होरायझन. ११ माणसं गेली आणि तेल महिनोन्‌महिने समुद्रात वाहत होतं. सूर्यफूल राहिलं जागच्या जागी. सूनबाईंच्या भिंतीवर ती जुनी जाहिरात चिकटवलीय. नव्या पोरांना पहिल्या दिवशी दाखवते, म्हणते, हे काम उत्तम केलंय बघा. अक्षर सुंदर, रंग सुंदर, कल्पना सुंदर. असं काम आपल्या हातून होता कामा नये."

मी मुद्दाम उलटं बोलले. "पण काकू, चांगल्या कंपन्याही असतील की. जॅकेटवाली ती पॅटागोनिया, तिनं तर आमचं जॅकेट घेऊ नका अशी जाहिरात दिली होती ना?"

"दिली होती. नोव्हेंबर २०११, न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर. आणि दिवस कुठला, तर तिकडे लोक खरेदीसाठी तुटून पडतात तो शुक्रवार. एका जॅकेटमागे पाणी किती, धूर किती, कचरा किती, सगळं छापलं होतं. गरज नसेल तर घेऊ नका, फाटलं तर शिवून घ्या. आणि झालं काय माहितीय? पुढच्या वर्षी विक्री वाढली!"

"बघा! म्हणजे शेवटी विकायचंच."

"यावरून माझं आणि तिचं पोळ्या लाटता लाटता भांडण झालं. मी म्हटलं, हा तर सगळ्यात पोचलेला डाव. नको नको म्हणत गळ्यात मारायचं. ती म्हणाली, आई, माणसाला जॅकेट लागणारच आहे. मग जो आपल्या वस्तूचं ओझं स्वतः सांगतो आणि शिवूनही देतो, त्याचं विकलं गेलं तर काय वाईट? मी म्हटलं, विकलं जाणं वाईट नाही, पण त्याला त्याग म्हणू नका. त्यावर ती गप्प बसली. सासूनं वाद जिंकण्याचे प्रसंग थोडे असतात, म्हणून सांगितलं."

माझ्या मते दोघींचंही खरं होतं, पण हे मी कुंपणावर बोलले नाही. शेजार टिकवायचा असतो.

"पण मग घर कसं चालतं?" मी अखेर पोटातला प्रश्न ओठावर आणला. "पिशवीवाला, मूर्तिकार, सोलरवाला, यांच्यावर चार पोरांचे पगार निघतात?"

"निघत नाहीत." काकू सरळ म्हणाल्या. "पोटाचा धंदा वेगळाच आहे. सेबीनं वरच्या १,००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून दरवर्षी अहवाल सक्तीचा केलाय. पाणी किती वापरलं, वीज किती, कचरा किती, कामगारांचं काय. बीआरएसआर म्हणतात त्याला. ते अहवाल म्हणजे रुक्ष आकडे. ते माणसाला वाचता येतील असे मांडून द्यायचे, हे हिचं बारमाही काम. कंटाळवाणं आहे, पण महिन्याच्या महिन्याला पैसे येतात. त्यावर मूर्तिकाराचं काम परवडतं. आधी पोटोबा हे तिलाही कळतं, तेवढी काही हवेत नाही ती."

"आणि बिल्डर?"

काकू जरा थांबल्या. "त्या बिल्डरच्या पैशात पोरांचे कितीतरी महिन्यांचे पगार होते. आमच्या चिरंजीवांचा चेहरा पडला होता रात्री. पण ती म्हणाली, माझ्या दुकानात एकच माल आहे, माझ्या शब्दावरचा विश्वास. तो एकदा पातळ केला की सोलरवाल्याची खरी ओळही कुणी खरी मानणार नाही. त्या मुलाचं नुकसान होईल, माझं नंतर." काकूंनी टोपली उचलली. "मी मनात म्हटलं, पोरगी हट्टी आहे, हिशेबात कच्ची नाही. पण तोंडावर म्हणाले, पुढच्या वेळी नाही म्हणायचं असेल तर चहाच्या आधी म्हणत जा."

काकू आत गेल्या आणि मी आमच्या स्वयंपाकघरातले पुडे उलटेपालटे करून बघितले. तांदळावर 'निसर्गाचं वरदान', साबणावर 'हिरवी निवड', झाडूवर चक्क 'पृथ्वी वाचवा'. एकाही दाव्याखाली क्यूआर कोड नाही, एकाही ठिकाणी कशाबद्दल ते नाही.

तेव्हा वाचकहो, काकूंच्या सुनेची एजन्सी सगळ्यांना परवडणार नाही, पण तिचं लाल पेन फुकट आहे. पुड्यावर 'पर्यावरणपूरक' दिसलं की तीन प्रश्न विचारा: कशाबद्दल, किती आणि कुणी तपासलं? उत्तर छापलेलं असेल तर खुशाल घ्या, अशा माणसाचा धंदा चालायला हवा. नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.